सेंट ऑस्वल्ड चर्चची दफनभूमी, ग्रासमिअर

सेंट ऑस्वल्ड चर्चची दफनभूमी ही इंग्लंडच्या वायव्य भागातील ग्रासमिअर या गावात, रोथे नदीच्या काठी असलेल्या चर्चच्या आवारातील दफनभूमी आहे. हे गाव पूर्वी वेस्टमोरलंड परगण्यात होते. आज ते कंब्रिया परगण्यात आणि लेक डिस्ट्रिक्ट राष्ट्रीय उद्यानात मोडते. इंग्लिश कवी विल्यम वर्ड्‌स्वर्थ (१७७०–१८५०), त्यांच्या पत्नी मेरी, बहीण डोरोथी आणि तीन अपत्ये यांची थडगी येथे आहेत. कवी हार्टली कोलरिज, आर्क्टिक प्रदेशाचे संशोधक व निसर्गवैज्ञानिक सर जॉन रिचर्डसन आणि चित्रकार विल्यम ग्रीन यांनाही येथेच पुरण्यात आले.

या दफनभूमीत भव्य समाधी किंवा पुतळे नाहीत. राजकवी म्हणून मरण पावलेल्या वर्ड्‌स्वर्थ यांच्या शिळेवर नाव आणि वर्ष याखेरीज काही नाही. खेड्यातील दफनभूमी कशी असावी आणि थडग्यावर काय लिहावे, या विषयावर वर्ड्‌स्वर्थ यांनी स्वतः निबंध लिहिले होते. त्यामुळे ग्रासमिअरची दफनभूमी हे एका कवीच्या चिरविश्रांतीचे स्थान तर आहेच, पण त्याच्या विचारांचे प्रत्यक्ष रूप म्हणूनही तिच्याकडे पाहता येते.

स्थान आणि चर्च

ग्रासमिअर हे डोंगरांनी वेढलेल्या दरीतील लहान गाव असून गावाजवळ त्याच नावाचे सरोवर आहे. चर्चला सातव्या शतकातील नॉर्थंब्रियाचा राजा संत ऑस्वल्ड याचे नाव दिलेले आहे. ऑस्वल्ड इ.स. ६४२ मध्ये लढाईत मारला गेला. सध्याच्या इमारतीचा सर्वांत जुना भाग मध्ययुगीन आहे. बाहेरच्या भिंतींना जाड गिलावा असून मनोरा बुटका आणि भक्कम आहे. आतील जागेचे दोन भाग असून त्यांच्या मध्ये कमानींची भिंत आहे.

हे चर्च ग्रासमिअर, रायडल आणि लँगडेल अशा तीन वस्त्यांचे होते. प्रत्येक वस्तीच्या लोकांसाठी आवाराला स्वतंत्र फाटक होते. लँगडेलसारख्या शेजारच्या दरीतून शव डोंगरवाटेने खांद्यावर वाहून आणावे लागे. जुन्या काळी चर्चच्या आतील मातीच्या जमिनीतही मृतांना पुरत असत. ही जमीन लव्हाळ्यांनी झाकलेली असे आणि दरवर्षी नवे लव्हाळे आणून अंथरण्याचा समारंभ होई. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला जमिनीवर फरशी बसली आणि लव्हाळ्यांची गरज संपली. तरी मुलांनी लव्हाळे व फुले घेऊन गावातून मिरवणूक काढण्याची प्रथा अजूनही टिकून आहे.

आवाराच्या फाटकालगत १६३० मध्ये बांधलेली शाळेची लहानशी इमारत आहे. वर्ड्‌स्वर्थ यांनी येथे काही काळ मुलांना शिकवले होते. १८५४ पासून सारा नेल्सन या बाईंनी येथे आल्याची बिस्किटे करून विकण्यास सुरुवात केली आणि ती पुढे गावाची ओळख बनली.

दफनभूमीतील आठ यू वृक्ष वर्ड्‌स्वर्थ यांनी लावून घेतले. यू हा सदाहरित आणि अतिशय दीर्घायुषी वृक्ष असून इंग्लंडमधील चर्चच्या आवारांत तो परंपरेने लावला जातो. या लागवडीचा खर्च त्यांचे स्नेही, चित्रकार व कलासंग्राहक सर जॉर्ज बोमाँट यांनी दिला होता. पुढे वर्ड्‌स्वर्थ कुटुंबाची थडगी यांपैकीच एका झाडाजवळ झाली.

वर्ड्‌स्वर्थ यांचे समाधिलेखांविषयीचे विचार

वर्ड्‌स्वर्थ आणि डोरोथी डिसेंबर १७९९ मध्ये ग्रासमिअरला राहायला आले. दफनभूमी हा विषय त्यांच्या कवितेत तेव्हापासूनच दिसतो. १८०० साली प्रसिद्ध झालेल्या ‘द ब्रदर्स’ या कवितेत डोंगरातील एका चर्चचे आवार आहे. तेथील थडग्यांवर नावाच्या शिळा नाहीत, कारण कोण कोठे पुरला आहे हे गावातील प्रत्येकाला ठाऊक असते. पुष्कळ वर्षांनी परतलेल्या खलाशाला मात्र आपल्या भावाचे थडगे कोणते, हे कोणी सांगितल्याशिवाय कळू शकत नाही. शिळा नसलेली दफनभूमी गावकऱ्यांच्या स्मरणशक्तीवर कशी उभी असते आणि परक्याला ती कशी अनोळखी राहते, हे या कवितेत दाखवले आहे.

१८१० साली सॅम्युएल टेलर कोलरिज यांच्या ‘द फ्रेंड’ या नियतकालिकात वर्ड्‌स्वर्थ यांचा समाधिलेखांवरील निबंध प्रसिद्ध झाला. या विषयावर त्यांनी एकूण तीन निबंध लिहिले. त्यांपैकी दोन त्यांच्या हयातीत अप्रकाशित राहिले आणि १८७६ मध्ये छापले गेले. या निबंधांतील मुख्य मुद्दे असे :

• खेड्यातील दफनभूमी गावाच्या मधोमध, रोजच्या येण्याजाण्याच्या वाटेवर असते. त्यामुळे जिवंत आणि मृत अशा दोघांचा मिळून एकच समाज आहे, याची जाणीव ती देत राहते.
• थडग्यावरचा मजकूर उघड्यावर असतो आणि तो विद्वान, अडाणी, म्हातारा, मूल अशा कोणाच्याही दृष्टीस पडतो. म्हणून त्याची भाषा सर्वांना कळेल अशी साधी असली पाहिजे.
• समाधिलेखात मृत व्यक्तीचे काही वेगळेपण दिसावे, पण ते सर्व माणसांना समान असलेल्या भावनेतून दिसावे. मृताच्या गुणदोषांची चिकित्सा करण्याची ती जागा नव्हे.
• अलंकारिक आणि ठरावीक साच्याचे शब्द हे खऱ्या दुःखाचे लक्षण नसते.

तिसऱ्या निबंधाच्या शेवटी त्यांनी एका अगदी लहान शिळेचा उल्लेख केला आहे. तिच्यावर नाव आणि दोन तारखांखेरीज काहीच नव्हते. त्या तारखांवरून एवढेच कळत होते, की ते मूल एका दिवशी जन्मले आणि दुसऱ्या दिवशी गेले. मोठमोठ्या समाधिलेखांपेक्षा ती शिळा आपल्याला अधिक बोलकी वाटली, असे त्यांचे म्हणणे आहे.

१८१४ साली प्रकाशित झालेल्या ‘द एक्स्कर्शन’ या दीर्घकाव्याच्या सहाव्या आणि सातव्या सर्गांत डोंगरातील दफनभूमीचे वर्णन आहे. तेथे गावचा धर्मगुरू एकेका थडग्याजवळ थांबून त्यातील माणसाची हकिकत सांगतो. यातील अनेक माणसे ग्रासमिअर व आसपासच्या दऱ्यांतील प्रत्यक्ष व्यक्तींवरून घेतलेली आहेत. समाधिलेखांवरील पहिला निबंध या काव्याला टीप म्हणून जोडण्यात आला. निबंध प्रथम लिहिला गेला तेव्हा वर्ड्‌स्वर्थ यांची सर्व मुले हयात होती. तो या काव्यासोबत पुन्हा छापला गेला तोवर त्यांपैकी दोन मुले याच दफनभूमीत पुरली गेली होती.

वर्ड्‌स्वर्थ कुटुंब

कॅथरिन आणि टॉमस

१८११ मध्ये वर्ड्‌स्वर्थ कुटुंब चर्चच्या समोर असलेल्या धर्मगुरूंच्या निवासस्थानात राहायला आले. ४ जून, १८१२ रोजी कॅथरिन ही मुलगी वयाच्या चौथ्या वर्षी मरण पावली. त्या वेळी वर्ड्‌स्वर्थ लंडनमध्ये आणि मेरी वेल्समध्ये होत्या. दोघांपैकी कोणीही दफनाला पोहोचू शकले नाही. त्याच वर्षी १ डिसेंबरला टॉमस हा सहा वर्षांचा मुलगा गोवराने दगावला. त्याला बहिणीच्या शेजारी पुरण्यात आले. टॉमसच्या शिळेवरील ओळी वर्ड्‌स्वर्थ यांनी रचलेल्या आहेत.

घराच्या दारातून ही दोन थडगी दिसत असत. तेथे राहणे आईवडिलांना असह्य झाले आणि मे १८१३ मध्ये कुटुंब सुमारे तीन किलोमीटर अंतरावरील रायडल माउंट या घरात गेले. वर्ड्‌स्वर्थ तेथे अखेरपर्यंत राहिले. कॅथरिनच्या मृत्यूवर त्यांनी ‘सरप्राइज्ड बाय जॉय’ हे सुनीत लिहिले. आनंदाच्या एका क्षणी, ती आता नाही याचा आपल्याला विसर पडला, या जाणिवेने होणारी वेदना हा त्याचा विषय आहे.

लेखक टॉमस डी क्विन्सी त्या काळात ग्रासमिअरमध्ये राहत होते आणि कॅथरिनवर त्यांचा विलक्षण जीव होता. तिच्या मृत्यूनंतर आपण कित्येक रात्री तिच्या थडग्यावर पडून काढल्या, असे त्यांनी पुढे आपल्या आठवणींत लिहिले.

सारा हचिन्सन

मेरी यांची धाकटी बहीण सारा हचिन्सन (१७७५–१८३५) अनेक वर्षे वर्ड्‌स्वर्थ कुटुंबात राहिल्या. कोलरिज यांचे त्यांच्यावर प्रेम होते. त्यांच्या लेखनात ‘आस्रा’ या नावाने येणारी स्त्री म्हणजे सारा होय. ‘द फ्रेंड’ निघत असताना कोलरिज तोंडी सांगत आणि सारा लिहून घेत. समाधिलेखांवरील निबंध छापणारे हे नियतकालिक बऱ्याच अंशी त्यांच्या हातून उतरले होते. त्यांनाही या दोन मुलांच्या थडग्यांजवळ पुरण्यात आले.

डोरा आणि एडवर्ड क्विलिनन

डोरा (१८०४–१८४७) ही वर्ड्‌स्वर्थ यांची मुलगी. कवी एडवर्ड क्विलिनन यांच्याशी तिचा विवाह १८४१ मध्ये झाला. क्विलिनन विधुर होते, त्यांचे उत्पन्न बेताचे होते आणि ते कॅथलिक होते. वर्ड्‌स्वर्थ यांनी या विवाहाला दीर्घकाळ विरोध केला होता. डोराचे पोर्तुगालमधील वास्तव्यावरील प्रवासवर्णन १८४७ साली प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी ९ जुलैला ती क्षयरोगाने मरण पावली. या आघातानंतर वर्ड्‌स्वर्थ यांचे काव्यलेखन जवळजवळ थांबले.

एडवर्ड क्विलिनन (१७९१–१८५१) यांचा जन्म पोर्तुगालमधील ओपोर्तो येथे झाला होता. पोर्तुगीज महाकवी कामोंइश यांच्या ‘लुझियाद’ या महाकाव्याच्या काही सर्गांचे त्यांनी इंग्लिशमध्ये भाषांतर केले. ते त्यांच्या मृत्यूनंतर १८५३ मध्ये प्रसिद्ध झाले. वास्को द गामाच्या भारतप्रवासावर रचलेल्या या महाकाव्याचे कवी कामोंइश स्वतः काही वर्षे गोव्यात राहिले होते.

विल्यम, डोरोथी आणि मेरी

विल्यम वर्ड्‌स्वर्थ यांचे निधन २३ एप्रिल, १८५० रोजी रायडल माउंट येथे झाले. १८४३ पासून ते राजकवी होते. त्यांचे दफन ग्रासमिअरमध्ये, मुलांच्या शेजारी झाले. ‘द प्रेल्यूड’ हे त्यांचे आत्मचरित्रात्मक महाकाव्य त्यांच्या मृत्यूनंतर काही महिन्यांनी प्रकाशित झाले; म्हणजे त्यांच्या अंत्यविधीला जमलेल्या गावकऱ्यांनी, आणि बहुतेक वाचकांनीही, त्यांची सर्वांत महत्त्वाची मानली जाणारी रचना तोवर वाचलेली नव्हती.

डोरोथी वर्ड्‌स्वर्थ (१७७१–१८५५) यांची ग्रासमिअरमधील दैनंदिनी आज स्वतंत्र साहित्यकृती म्हणून वाचली जाते. सरोवराकाठी पाहिलेल्या डॅफोडिल फुलांचे वर्णन त्यांनी १५ एप्रिल, १८०२ च्या नोंदीत केले. त्याच दृश्यावर विल्यम यांनी आपली प्रसिद्ध कविता नंतर लिहिली. त्या कवितेतील दोन ओळी मेरी यांच्या आहेत, असे विल्यम यांनीच सांगितले होते. डोरोथी यांनी आयुष्यात स्वतःच्या नावावर ग्रंथ प्रसिद्ध केला नाही. १८२९ पासून त्यांची प्रकृती ढासळली आणि अखेरची सुमारे वीस वर्षे त्यांची बुद्धी स्थिर नव्हती. या काळात विल्यम आणि मेरी यांनी त्यांना घरीच सांभाळले.

मेरी वर्ड्‌स्वर्थ (१७७०–१८५९) यांनी पतीच्या पश्चात जवळजवळ नऊ वर्षे काढली. शेवटी त्यांना फारसे दिसत नसे. १७ जानेवारी, १८५९ रोजी त्यांचे निधन झाले. विल्यम यांच्याच शिळेवर खाली त्यांचे नाव आणि वर्ष कोरण्यात आले. वर्ड्‌स्वर्थ दांपत्याला पाच अपत्ये झाली. त्यांपैकी तिघांचे मृत्यू त्यांना पाहावे लागले आणि ती तिघेही येथेच आहेत.

हार्टली कोलरिज

हार्टली कोलरिज (१७९६–१८४९) हे कवी सॅम्युएल टेलर कोलरिज यांचे थोरले चिरंजीव. ते तान्हे असताना वडिलांनी त्यांना उद्देशून ‘फ्रॉस्ट ॲट मिडनाइट’ ही कविता लिहिली आणि ते सहा वर्षांचे असताना वर्ड्‌स्वर्थ यांनी त्यांच्यावर कविता लिहिली. या दुसऱ्या कवितेत, एवढ्या हळव्या मुलाचे पुढे काय होणार, ही काळजी व्यक्त झाली आहे.

हार्टली यांना ऑक्सफर्डच्या ओरिएल कॉलेजची फेलोशिप मिळाली होती. मद्यपानाच्या कारणावरून १८२० मध्ये ती गेली. त्यानंतर त्यांनी काही काळ शाळेत शिकवले, १८३३ मध्ये कवितासंग्रह आणि यॉर्कशर व लँकशर भागांतील नामवंतांची चरित्रे प्रसिद्ध केली. त्यांची सुनीते समीक्षकांनी वाखाणली आहेत. शेवटची वर्षे ते रायडलजवळच्या एका घरात राहत होते. व्यसन सुटले नाही, तरी दरीतील शेतकऱ्यांना आणि मुलांना त्यांच्याविषयी फार जिव्हाळा होता.

६ जानेवारी, १८४९ रोजी हार्टली मरण पावले. त्यांचे धाकटे भाऊ डरवेंट यांनी लिहिलेल्या चरित्रात पुढील प्रसंग नोंदवला आहे. जागा ठरवण्यासाठी वर्ड्‌स्वर्थ दफनभूमीत आले, आपल्यासाठी व मेरीसाठी किती जागा लागेल हे त्यांनी खड्डा खणणाऱ्या सेवकाकडून मोजून घेतले आणि हार्टलीला त्या शेजारीच जागा द्यावयास सांगितले. वर्ड्‌स्वर्थ त्या वेळी ७८ वर्षांचे होते. पंधरा महिन्यांनी ती मोजलेली जागा त्यांच्या उपयोगी आली.

जॉर्ज आणि सारा ग्रीन

या दफनभूमीशी निगडित सर्वांत करुण घटना एका गरीब शेतकरी दांपत्याची आहे. जॉर्ज आणि सारा ग्रीन हे ग्रासमिअरजवळच्या ईझडेल या दरीत राहत असत. १९ मार्च, १८०८ रोजी ते डोंगरापलीकडील लँगडेलमध्ये एका विक्रीसाठी गेले होते. संध्याकाळी परतताना हिमवर्षावात वाट चुकून दोघांचाही मृत्यू झाला. घरात सहा लहान मुले होती. आईवडील बर्फामुळे पलीकडेच थांबले असतील, असे समजून मुलांनी एकट्याने दिवस काढले. अकरा वर्षांची जेन धाकट्या भावंडांना सांभाळत होती. शोध घेतल्यानंतर मृतदेह सापडले आणि त्यांचे दफन ग्रासमिअर येथे झाले.

ग्रीन दांपत्याची सॅली ही मुलगी त्या वेळी वर्ड्‌स्वर्थ यांच्या घरी मुलांना सांभाळण्याचे काम करीत होती. वर्ड्‌स्वर्थ कुटुंबाने पुढाकार घेऊन अनाथ मुलांसाठी वर्गणी जमवली आणि मुलांची सोय परिसरातील कुटुंबांत करण्यात आली. डोरोथी यांनी या घटनेचा वृत्तांत लिहून काढला. तो छापावा असा आग्रह त्यांना झाला, परंतु मुले हयात असताना त्यांच्याकडे लोकांनी कुतूहलाने पाहावे हे योग्य नाही, म्हणून त्यांनी नकार दिला. हा वृत्तांत १९३६ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला. विल्यम यांनीही या दांपत्याच्या दफनानंतर एक कविता लिहिली होती.

साहित्याच्या इतिहासात ग्रीन दांपत्याचे नाव आले ते केवळ या लेखनामुळे. पण खेड्यातील दफनभूमीत सर्व मृतांचे स्थान सारखेच असते, हा वर्ड्‌स्वर्थ यांचा विचार त्यांच्या उदाहरणाने अधिक स्पष्ट होतो.

इतर उल्लेखनीय व्यक्ती

विल्यम ग्रीन

चित्रकार आणि उत्कीर्णक विल्यम ग्रीन (मृत्यू : १८२३) हे मँचेस्टर परिसरातून येऊन जवळच्या ॲम्बलसाइड येथे स्थायिक झाले. लेक डिस्ट्रिक्टमधील डोंगर, सरोवरे आणि जुनी घरे यांची असंख्य चित्रे त्यांनी प्रत्यक्ष जागेवर बसून काढली. १८१९ मध्ये त्यांनी या प्रदेशाची प्रवासमार्गदर्शिका प्रसिद्ध केली. त्यांच्या थडग्यावरील लेख वर्ड्‌स्वर्थ यांनी लिहिला. वरील दांपत्याशी त्यांचा नातेसंबंध नव्हता.

सर जॉन रिचर्डसन

सर जॉन रिचर्डसन (१७८७–१८६५) हे स्कॉटलंडमधील डम्फ्रीस येथे जन्मलेले नौदलातील शल्यविशारद आणि निसर्गवैज्ञानिक होते. जॉन फ्रँकलिन यांच्या उत्तर अमेरिकेतील १८१९–२२ च्या मोहिमेत ते सहभागी होते. या मोहिमेतील अनेक जण उपासमारीने व थंडीने मरण पावले. १८२५–२७ च्या दुसऱ्या मोहिमेतही ते फ्रँकलिन यांच्यासोबत होते. पुढे फ्रँकलिन आपल्या जहाजांसह बेपत्ता झाले, तेव्हा १८४८ मध्ये साठी ओलांडलेले रिचर्डसन त्यांच्या शोधासाठी पुन्हा आर्क्टिकमध्ये गेले. उत्तर अमेरिकेतील प्राण्यांवरील त्यांचा बहुखंडी ग्रंथ प्राणिविज्ञानात महत्त्वाचा मानला जातो. निवृत्तीनंतर ते ग्रासमिअरजवळील लँक्रिग या घरी राहिले आणि तेथेच त्यांचे निधन झाले.

आर्थर ह्यू क्लफ (स्मृतिशिला)

कवी आर्थर ह्यू क्लफ (१८१९–१८६१) यांची स्मृतिशिला वर्ड्‌स्वर्थ कुटुंबाच्या थडग्यांजवळ आहे. त्यांचे दफन मात्र इटलीतील फ्लॉरेन्स येथे झाले.

येथे दफन न झालेल्या व्यक्ती

लेक डिस्ट्रिक्टशी संबंधित सर्वच लेखक ग्रासमिअरला पुरलेले आहेत, असा समज होण्याची शक्यता असते. प्रत्यक्षात सॅम्युएल टेलर कोलरिज यांचे थडगे लंडनच्या हायगेट भागात, कवी रॉबर्ट सदी यांचे केझिकजवळील क्रॉस्थवेट येथे आणि टॉमस डी क्विन्सी यांचे एडिंबरा येथे आहे. बोलताना शब्दांच्या आद्याक्षरांची अदलाबदल करण्याबद्दल प्रसिद्ध असलेले ऑक्सफर्डचे विल्यम आर्चिबाल्ड स्पूनर हे ग्रासमिअरमध्येच पुरलेले आहेत. परंतु ते चर्चच्या आवारात नसून गावाच्या स्वतंत्र दफनभूमीत आहेत.

लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये वर्ड्‌स्वर्थ यांचा फ्रेडरिक थ्रप यांनी घडवलेला बसलेला पुतळा आहे. पण तेथे त्यांचे दफन झालेले नाही. ग्रासमिअरच्या चर्चमध्ये शिल्पकार टॉमस वूल्नर यांनी घडवलेला स्मृतिफलक आहे. त्यावर मोठा गौरवपर मजकूर आहे. चर्चच्या आतील हा फलक आणि बाहेरची दोन नावांची शिळा यांतील फरक सहज लक्षात येतो.

भारत आणि महाराष्ट्राशी संबंध

वर्ड्‌स्वर्थ यांचे धाकटे भाऊ जॉन हे ईस्ट इंडिया कंपनीच्या ‘अर्ल ऑफ ॲबरगॅव्हेनी’ या जहाजाचे कप्तान होते. बंगाल व चीनकडे निघालेले हे जहाज ५ फेब्रुवारी, १८०५ रोजी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळ बुडाले. जॉन यांच्यासह अडीचशेहून अधिक लोक मृत्युमुखी पडले. या सफरीत वर्ड्‌स्वर्थ भावंडांचेही पैसे गुंतलेले होते. नफा मिळवून ग्रासमिअरला परतायचे आणि भावंडांसोबत राहायचे, असा जॉन यांचा बेत होता. त्यांचे दफन ग्रासमिअरमध्ये न होता दुर्घटनेच्या जागेजवळील वाइक रीजिस येथे झाले.

कवीचे नातू, प्राध्यापक विल्यम वर्ड्‌स्वर्थ, हे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुण्याच्या डेक्कन कॉलेजमध्ये आणि मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजमध्ये अध्यापक होते. एल्फिन्स्टनचे ते प्राचार्य झाले. डेक्कन कॉलेजमध्ये लोकमान्य टिळक, तर एल्फिन्स्टनमध्ये गोपाळ कृष्ण गोखले हे त्यांचे विद्यार्थी होते. १८८५ मध्ये मुंबईत भरलेल्या भारतीय राष्ट्रीय काँग्रेसच्या पहिल्या अधिवेशनाला ते सहानुभूतीदार म्हणून उपस्थित होते.

इंग्रजी शिक्षणाबरोबर वर्ड्‌स्वर्थ यांची कविता महाराष्ट्रातील महाविद्यालयांत पोहोचली. केशवसुत आणि त्यांच्या काळातील कवींवर इंग्रजी स्वच्छंदतावादी कवितेचा जो प्रभाव पडला, त्यात वर्ड्‌स्वर्थ यांचे नाव मराठी समीक्षेत नेहमी घेतले जाते. साध्या माणसाचे साधे जगणे हा काव्याचा विषय होऊ शकतो, हा विचार या प्रभावाचा महत्त्वाचा भाग होता.

सद्यस्थिती

सेंट ऑस्वल्ड चर्च आजही उपासनेसाठी वापरात आहे. लेक डिस्ट्रिक्टला २०१७ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. चर्चच्या आवारालगत २००३ मध्ये वर्ड्‌स्वर्थ यांच्या स्मरणार्थ डॅफोडिल फुलांची बाग करण्यात आली. वर्ड्‌स्वर्थ १७९९ ते १८०८ या काळात ज्या घरात राहिले, ते डव्ह कॉटेज गावाच्या कडेला असून आज संग्रहालय म्हणून जतन केलेले आहे.

वर्ड्‌स्वर्थ कुटुंबाच्या शिळा एका रांगेत, जवळजवळ उभ्या आहेत. त्यांवरील वर्षे क्रमाने वाचली, तर १८१२ मध्ये दोन मुले, १८३५ मध्ये मेरींची बहीण, १८४७ मध्ये मुलगी, १८५० मध्ये कवी, १८५१ मध्ये जावई, १८५५ मध्ये कवीची बहीण आणि १८५९ मध्ये पत्नी असा सत्तेचाळीस वर्षांचा कौटुंबिक इतिहास समोर येतो. शिळा बहुतांशी मोजक्या शब्दांच्या आहेत आणि त्या वाचण्यासाठी साक्षर असण्यापलीकडे कोणत्याही तयारीची गरज लागत नाही.